ग्रहणाची नीती : शेअरवेअर खेळ आणि परतवाट नसलेले ऋण

१

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने ‘साहित्यकृती’ या संज्ञेच्या कक्षेत संगणकीय आज्ञावलीचा समावेश केला. कायद्याच्या दृष्टीने तेव्हापासून कादंबरी आणि संगणकावरचा खेळ यांचे गोत्र एक झाले. साहित्याच्या अभ्यासकाला हे वर्गीकरण सोयीचे वाटो वा न वाटो, त्यातून उपस्थित होणारे प्रश्न त्याच्याच प्रांतातले आहेत. साहित्यकृती म्हटली की कर्ता आला, ग्राहक आला, प्रत आली आणि या तिघांना जोडणारा देण्याघेण्याचा व्यवहारही आला. आपल्या समीक्षेने अर्थग्रहणाची चर्चा पुष्कळ केली. वाचक संहितेला अर्थ कसा देतो, हा आपला आवडता प्रश्न आहे. वाचक संहिता घेतो म्हणजे काय करतो आणि घेतल्यावर तो कोणाचे काय लागतो, हा प्रश्न मात्र आपण प्रकाशकांच्या हिशेबवहीकडे ढकलला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार गृहसंगणकावरील आरंभीच्या ‘शेअरवेअर’ खेळांच्या आधारे करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झालेला प्रसंग लहान आहे. १९९५-९६ च्या सुमारास चांदूर रेल्वे येथे एका संगणकवर्गात प्रस्तुत लेखक शिकवीत असे. दोन खोल्या, तीन संगणक आणि दिवसातून केव्हाही जाणारी वीज एवढी त्या वर्गाची मिळकत. शिकवणीचा तास संपला की शेवटची पंधरा मिनिटे मुलांना खेळायला मिळत. खेळ फ्लॉपीवर येत. अमरावतीहून किंवा नागपूरहून कोणीतरी पॅसेंजर गाडीने आणलेल्या, नावे पेनाने लिहिलेल्या फ्लॉप्या. एके दिवशी खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर उमटलेल्या इंग्रजी मजकुरापाशी एक मुलगा थांबला. त्याने तो अडखळत वाचला आणि विचारले, ‘‘सर, हे पैसे मांगून राह्यले. कोणाले द्याचे?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही, एंटर दाब.’’ त्याने एंटर दाबले. खेळ सुरू झाला.

त्या उत्तरात काय चुकले, याचा शोध म्हणजे हा लेख आहे.

२

प्रथम त्या मजकुराची जातकुळी पाहू. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ या आज्ञावल्या एका अनोख्या पद्धतीने लोकांच्या हाती दिल्या. प्रती काढा, मित्रांना द्या, वापरून पाहा. उपयोगी वाटल्यास अमुक रक्कम कर्त्याकडे पाठवा, अशी ती पद्धत होती. पुढल्या वर्षी बॉब वॉलेस यांनी ‘पीसी-राइट’ हा शब्दलेखक याच रीतीने वितरित केला आणि ‘शेअरवेअर’ ही संज्ञा रूढ झाली. वॉलेस यांनी आणखी एक पाऊल टाकले. नोंदणी करणाऱ्याला त्याच्या प्रतीचा क्रमांक मिळे, आणि त्या प्रतीवरून काढलेली प्रत घेऊन पुढच्या कोणी नोंदणी केली, तर आधीच्या प्रतधारकाला काही रक्कम पोचती होई. प्रत काढणारा येथे चोर ठरत नाही. तो परंपरेतला एक दुवा ठरतो. आपल्या हस्तलिखितांच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, स्थळ आणि शक असतो, त्याची येथे आठवण व्हावी.

खेळांच्या बाबतीत या पद्धतीला वेगळे वळण मिळाले. स्कॉट मिलर यांच्या अपॉजी या संस्थेने १९८७ पासून ‘क्रोझ’ या खेळमालिकेचा पहिला भाग मुक्तपणे वाटला आणि पुढचे भाग विक्रीस ठेवले. केवळ विनंती करून लोक पैसे पाठवीत नाहीत, हा अनुभव त्यामागे होता. डिसेंबर १९९० मध्ये आलेला ‘कमांडर कीन’, मे १९९२ मधला ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आणि डिसेंबर १९९३ मधला ‘डूम’ हे आयडी सॉफ्टवेअरचे खेळ याच वाटेने जगभर पसरले. तिन्हींचा पहिला भाग मोकळा, उरलेले भाग दामाचे.

या दोन पद्धतींना सरसकट एकच नाव दिले जाते. नैतिक दृष्ट्या मात्र त्या भिन्न आहेत, आणि हा भेद समजून घ्यायला वऱ्हाडातल्या माणसाला दूर जावे लागत नाही. कीर्तनकार आख्यान पूर्ण करतो, आरती होते आणि मग ताट फिरते. ताटात काही न टाकता उठून जाणाऱ्याला कोणी अडवीत नाही; आख्यान त्याने पुरते ऐकलेले असते. पहिली पद्धत ही ताटाची पद्धत आहे. बाजार समितीच्या आवारात व्यापारी पोत्यातून मूठभर दाणे काढून पाहतो, ती वानगी. वानगीचे पैसे नसतात, पण वानगी हे दानही नव्हे. ती उरलेल्या पोत्याकडे बोट दाखवते. दुसरी पद्धत वानगीची आहे. ताट ग्राहकाच्या सदसद्विवेकाला आवाहन करते, तर वानगी त्याच्या कुतूहलाला. पहिलीत न देणारा कृतघ्न ठरू शकतो. दुसरीत न देणारा फार तर गिऱ्हाईक होत नाही.

चांदूर रेल्वेच्या त्या पडद्यावर ताट आणि वानगी या दोन्हींचे मजकूर येत. आणि त्याच खोक्यात, तशाच पेनाने लिहिलेल्या फ्लॉप्यांवर, तिसऱ्या प्रकारचे खेळही असत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ चा खेळ पूर्णतः विक्रीचा. त्याची प्रत काढण्यास कोणाचीच अनुमती नव्हती. आमच्यापाशी तिन्ही प्रकार सारख्याच किमतीला आले, म्हणजे कोऱ्या फ्लॉपीच्या किमतीला. हा तपशील पुढच्या विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

३

खेळापूर्वीच्या त्या मजकुराचे संहितेतील स्थान कोणते? फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा घटकांना संहितेच्या उंबरठ्यावरचे घटक मानले आहे. ते धड आतही नसतात आणि बाहेरही नसतात. आत कसे शिरावे हे ते सांगतात. शेअरवेअरची सूचना हा असाच उंबरठा आहे. परंतु त्यात एक विशेष आहे. प्रस्तावना वाचकाला अर्थाची दिशा देते. ही सूचना वाचकाला भूमिका देते. ‘तू घेणारा आहेस, आणि आता देऊ शकणारा आहेस’ असे ती त्याला म्हणते.

पण हा ‘तू’ कोण? सूचनेने गृहीत धरलेला वाचक विशिष्ट आहे. त्याच्या घरी संगणक आहे, तो त्या संगणकाचा एकटा धनी आहे, त्याच्यापाशी धनादेशपुस्तिका किंवा क्रेडिट कार्ड आहे. अनेक आज्ञावल्या परीक्षणासाठी तीस दिवसांची मुदत देत. आमच्या वर्गात एका संगणकापुढे चार मुले बसत आणि प्रत्येकाच्या वाट्याला कळफलक मिनिटे मोजून येई. या चौघांचे ‘तीस दिवस’ केव्हा पूर्ण व्हायचे? खेळ ‘ठेवून घेणारा’ त्यांच्यातला कोणता? जो थांबून प्रश्न विचारत होता त्याच्यापाशी तर संगणकच नव्हता. वाचकलक्ष्यी समीक्षा ज्याला संहितेत अनुस्यूत असलेला वाचक म्हणते आणि प्रत्यक्षात पडद्यापुढे बसलेला जो वाचक असतो, त्या दोघांमधले अंतर येथे केवळ सांस्कृतिक नाही. ते आर्थिक आहे, आणि म्हणून नैतिकही आहे.

वानगीच्या पद्धतीने संहितेच्या रूपावरही परिणाम घडवला. ‘डूम’चा मोकळा भाग उल्लेखनीय आहे. खेळणारा शेवटच्या राक्षसांना मारतो, जिंकला असे त्याला वाटते आणि पुढच्याच क्षणी तो अंधाऱ्या जागी फेकला जाऊन मारला जातो. मग पडद्यावरचा मजकूर सांगतो की कथा पुढे आहे. आदि, मध्य आणि अंत या ॲरिस्टॉटलप्रणीत आकृतिबंधातून अंत काढून घेण्याचा हा व्यापारी डाव आहे; खेळाचे पुढचे भाग विकले जावेत म्हणून तो रचलेला आहे. परंतु पुढचे भाग कधीच न मिळणाऱ्या वाचकापुढे त्याच संहितेचा अर्थ बदलतो. आमच्या मुलांनी तो मृत्यू हाच शेवट मानला होता. जिंकूनही मरावे लागते, असा खेळ आहे, असे ती एकमेकांना सांगत. विक्रीचे तंत्र त्यांनी शोकात्म जीवनदृष्टी म्हणून वाचले, आणि त्या वाचनाला चुकीचे म्हणणे मला आजही जड जाते. अपूर्ण संहिता पूर्ण म्हणून वाचण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांचे वाचन अडाणीपणाचे नसते. ते त्यांच्या जागेवरून केलेले वाचन असते.

४

आता ऋणाच्या प्रश्नाकडे वळू. ‘कोणाले द्याचे?’ या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर त्या काळी जवळजवळ अशक्य होते. नोंदणीची रक्कम तीस-चाळीस डॉलर असे. डॉलर तेव्हा सुमारे एकतीस-पस्तीस रुपयांचा. म्हणजे हजार ते चौदाशे रुपये. ही रक्कम कोणी जमवली असती, तरी ती पाठवायची वाट बिकट होती. परकीय चलन विनियमन कायदा, १९७३ लागू होता आणि परदेशी रक्कम पाठवणे अनुमतीच्या चौकटीतच शक्य होते. त्याची जागा घेणारा १९९९ चा कायदा जून २००० मध्ये अमलात आला. वस्तू गावात पोचली होती. मोबदला गावातून बाहेर जाण्याची वाट नव्हती. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, त्या गावी हा एकमार्गी प्रवास काहीसा उपरोधिक वाटावा.

अशा स्थितीत तीन भूमिका संभवतात. पहिली भूमिका काण्टच्या नीतिविचाराचा आधार घेईल. जे करणे शक्य नाही, ते कर्तव्य असू शकत नाही. सबब मुलांवर कोणतेही ऋण नव्हते. दुसरी भूमिका कायद्याची आहे. मुदतीनंतर वापर चालू ठेवला, म्हणजे कराराचा भंग झाला. १९९४ च्या दुरुस्तीने तर अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. तिसरी भूमिका जागतिक न्यायाची आहे. संपन्न देशातल्या कर्त्याचे चांदूर रेल्वेच्या मुलामुळे काहीच नुकसान झाले नाही. मग अपराध कसला?

तिन्ही भूमिकांत तथ्य आहे, आणि तरी तिन्ही एकच चूक करतात. ऋण म्हणजे रक्कम, असे त्या धरून चालतात. मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या विख्यात निबंधात दानव्यवहाराची तीन बंधने सांगितली आहेत : देणे, स्वीकारणे आणि परत देणे. यांतले मधले बंधन आपण नेहमी गाळतो. स्वीकारणे ही निष्क्रिय घटना आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात स्वीकारणे ही कृती आहे, आणि तिला स्वतःची नीती आहे. कोणीतरी दिले आहे हे ओळखून घेणे हे त्या नीतीचे पहिले कलम होय. परतफेड अशक्य झाली, तरी ही ओळख अशक्य होत नाही. म्हणून काण्टचे तत्त्व परतफेडीपुरते मान्य केले, तरी ते ओळखीला लागू पडत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. देरिदा यांनी १९९१ च्या दानविषयक ग्रंथात म्हटल्याप्रमाणे दान हे दान म्हणून ओळखले गेले की ते ऋण होते आणि दान म्हणून संपते. मग ओळखीचा आग्रह धरणे म्हणजे दानाचा घातच नव्हे काय? आक्षेप मार्मिक आहे, परंतु शेअरवेअरला तो लागू होत नाही. शेअरवेअरने निखळ दान असल्याचा दावा कधी केलाच नाही. विक्री आणि दान या दोहोंच्या मधली जागा त्याने जाणीवपूर्वक निवडली आणि त्या जागेवर ग्राहकाच्या विवेकाला बसवले. विवेकाला बसवलेली जागा रिकामी राहिली, तर तिथे काय येते, हा खरा प्रश्न आहे.

आमच्याकडे तिथे ‘फुकट’ हा शब्द आला. वर सांगितलेल्या खोक्यातल्या फ्लॉप्यांकडे पुन्हा पाहू. त्यांत कोणी मागून दिलेले होते, कोणी थोडे चाखायला दिलेले होते आणि कोणी न देता उचललेलेही होते. सूचना न वाचता पुढे जाण्याची सवय लागली, तेव्हा हे तिन्ही प्रकार एकरूप झाले. दिलेले आणि घेतलेले यांतला भेद पुसला गेला. कर्त्याचे नुकसान झाले की नाही, हा दुय्यम मुद्दा आहे. नुकसान भेदबुद्धीचे झाले. जो देतो त्याला आणि ज्याच्याकडून उचलले त्याला आपण एकाच नावाने ओळखू लागलो, म्हणजे कोणत्याच नावाने ओळखेनासे झालो.

५

परतवाट नसलेल्या ऋणाचे काय करावे, याविषयी आपल्या परंपरेत काही विचार झालेला आहे. अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सिद्धता तिथेच केली, असे परंपरा मानते. महानुभावांनी आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या उलगडेपर्यंत ते पंथाबाहेरच्या वाचकाला जवळपास बंद होते. तिथला नियम अधिकार आधी, प्रत नंतर असा होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा संकेत याच जातीचा. पहिला टप्पा ओलांडला की तो खेळ छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या शब्दाचे आद्याक्षर विचारी, आणि चुकीच्या अक्षराची कुपी प्यायल्यास राजपुत्र मरे. पुस्तिका आमच्याकडे नव्हती. मुले एकेक कुपी पिऊन पाहत, मरत आणि पुन्हा सुरुवात करत. दोन्हींचे हेतू अर्थातच भिन्न आहेत. एक पावित्र्याचा, दुसरा विक्रीचा. पण दोन्ही ठिकाणी संहिता ग्राहकाची पात्रता आधी तपासते. शेअरवेअरने हा क्रम उलटा केला : प्रत आधी, दायित्व नंतर. पात्रता तपासण्याऐवजी त्याने ती गृहीत धरली. विश्वासाची ही कल्पना मला आजही उदात्त वाटते, आणि म्हणूनच तिला दिलेले उत्तर सलते.

दुसरा विचार ऋणत्रयाचा. तैत्तिरीय संहितेत देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण सांगितले आहे. त्यांत ऋषिऋणाची फेड ऋषीला काही परत देऊन होत नाही. ती अध्ययनाने होते. देणाऱ्याकडे परत जाणारी वाट नसताना पुढे जाणारी वाट शोधण्याची ही कल्पना आहे. तिचा गैरफायदा घेणेही सोपे आहे. आम्ही खेळाच्या प्रती पुढे वाटल्या, म्हणजे ऋषिऋण फेडले, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. प्रत काढणे हे अध्ययन नव्हे.

अध्ययनाची संधी मात्र त्या काळी अगदीच नव्हती असे नाही. १९९१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीसोबत क्यूबेसिकमध्ये लिहिलेले ‘गोरिला’ आणि ‘निबल्स’ हे दोन खेळ येत, आणि त्यांची संपूर्ण आज्ञावली उघडून वाचता येई. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांनी ‘निबल्स’मधल्या सापाचा वेग बदलला, मग भिंती बदलल्या, मग एक भिंत काढूनच टाकली. खेळ बिघडला. तो दुरुस्त करताना त्यांना प्रथमच जाणवले की प्रत्येक भिंत कोणीतरी विचार करून उभी केली होती. त्या दिवसानंतर ही मुले सूचना वाचू लागली. पैसे त्यांनीही पाठवले नाहीत. पण खेळाला कर्ता असतो, हे त्यांना माहीत झाले होते.

तिसरा विचार याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांचा. ज्या गावी भाकरी घ्यायची, त्या गावाचा रस्ता आधी झाडायचा, हा त्यांचा परिपाठ सर्वज्ञात आहे. तिथे मोबदला पैशात नाही आणि भाकरी वाढणाऱ्याच्या हातातही पडत नाही. झाडलेला रस्ता साऱ्या गावाचा असतो. घेतल्याची जाणीव श्रमात उतरली पाहिजे आणि तो श्रम देणाऱ्याच्या पलीकडे पोचला तरी चालेल, असा त्याचा अर्थ मी लावतो. ऋषिऋणाची कल्पना इथे पोथीतून उतरून खराट्यापर्यंत येते.

६

आता त्या उत्तराकडे परत येऊ. ‘‘काही नाही, एंटर दाब’’ यात ‘एंटर दाब’ हे क्षम्य होते. मुलाला खेळू न देणे हा त्यावरचा उपाय नव्हता. चूक ‘काही नाही’ या दोन शब्दांत होती. त्याला विचारले जात होते, आणि मी त्याला सांगितले की कोणी विचारत नाही. ज्या मजकुराने हजारो मैलांवरून त्याला देणारा होण्याच्या योग्यतेचे मानले, तो मजकूर मी अडथळा म्हणून बाजूला सारला. त्याच्या गरिबीकडे पाहून मी त्याला परतफेडीतून मोकळे केले असे मला वाटत होते. वास्तविक मी त्याला संबोधित होण्याच्या अधिकारातून मोकळे केले. गरिबाकडून काही मागू नये, या दयेत त्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही, असा अपमान लपलेला असतो.

योग्य उत्तर अवघड नव्हते. ‘हे एका माणसाने बनवले आहे. तो पैसे मागतो आहे. आज आपल्याला ते पाठवता येत नाहीत. त्याचे नाव वाच, मग खेळ.’ एवढे म्हणता आले असते. त्याने काहीच रक्कम अमेरिकेत पोचली नसती. पण ‘फुकट’ आणि ‘दिलेले’ यांतला भेद चांदूर रेल्वेच्या त्या खोलीत शिल्लक राहिला असता.

आज वाट मोकळी आहे. त्याच गावातला मुलगा फोनवरून क्षणात पैसे पाठवू शकतो, आणि मोठे खेळ त्याच्यापर्यंत पैसे न मागताच येतात. ते जाहिरातींच्या आणि त्याच्याविषयीच्या माहितीच्या रूपाने मोबदला वसूल करतात. म्हणजे परतवाट खुली झाली, तेव्हा विचारणाराच बहुधा उरला नाही. ताट फिरत नाही, वानगीही दाखवली जात नाही. घेणाऱ्याच्या नकळत त्याच्याकडून काढून घेतले जाते. अशा काळात शेअरवेअरच्या त्या ओबडधोबड सूचनेचे मोल वेगळे भासते. ती सूचना उघडपणे मागत होती आणि नाही म्हणण्याची मुभा देत होती. तिला नाही म्हणण्याआधी ती वाचणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित होते.

साहित्याच्या वर्गात आम्ही आजही छायाप्रतींवर शिकवतो, आणि त्याची कारणे खरी असतात : पुस्तक मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही. अलीकडे मी एक नियम पाळतो. छायाप्रत वाटण्यापूर्वी शीर्षकाचे पान वाचून दाखवतो. लेखक, अनुवादक, प्रकाशक, वर्ष. विद्यार्थ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, ‘‘सर, पुढे चला नं.’’ मी ते पान शेवटपर्यंत वाचले आणि मग पुढे गेलो.